महिन्याच्या पासावर सिनेमा

पास या शब्दाचे आपल्याकडे तीन अर्थ आहेत. परीक्षेतला पास हा नशिबाचा भाग, एस.टी.चा पास हा गरजेचा आणि सिनेमाचा पास हा ओळखीचा. म्हणजे थिएटरच्या मॅनेजरचा मेहुणा शाळेत आपल्या बाकावर असावा लागे. रोख पैसे मोजून सिनेमाचा पास काढायचा, हे लोट्याच्या माणसाला सांगितलंत तर तो आधी तुमच्या तोंडाकडे आणि मग परशुरामाच्या डोंगराकडे बघेल.

पण अशी माणसे आहेत. माझा भाचा ठाण्याला असतो. २०२३च्या ऑक्टोबरात पीव्हीआर आयनॉक्स कंपनीने ‘पासपोर्ट’ नावाचा पास काढला. महिन्याला ६९९ रुपये भरा आणि दहा सिनेमे बघा. मात्र सोमवार ते गुरुवार. भाच्याने लगोलग हिशेब केला, सिनेमाला ६९ रुपये ९० पैसे! पहिल्या आठवड्यात तो तीन वेळा जाऊन आला आणि आईला सांगू लागला की आपण पैसे वाचवतोय. चौथ्या आठवड्यात त्याचा फोन आला तो रडवेला. सहाच झाले होते, चार राहिले होते. त्या चार दिवसांत त्याने काय काय पाहिले ते त्याचे त्याला माहीत. एकाची तर भाषाच कळत नव्हती म्हणे. “पण मामा, पास होता ना!”

सिनेमाकडे या हिशेबी नजरेने बघणे काही नवे नाही. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखवली, तेव्हा तिकीट होते एक रुपया. त्या काळचा रुपया! आठवडाभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेला आणि चार आण्यांचीही जागा ठेवावी लागली. पुढे दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ घेऊन सुरतेला गेले, त्याची गोष्ट प्रसिद्धच आहे. तिथल्या लोकांना दोन आण्यांत सहा तास नाटक बघायची सवय. तीन आणे देऊन दीड तासात घरी कोण जाईल? फाळक्यांनी जाहिरात केली की तीन आण्यांत सत्तावन्न हजार फोटो आणि दोन मैल लांबीचे चित्र बघायला मिळेल. कलेचे नाव नाही, सरळ कापडाच्या दुकानासारखे माप! मग गर्दी झाली. फाळके थोर होते याचा आणखी पुरावा कशाला हवा?

आगाऊ पैसे भरून सिनेमा बघण्याची पद्धत मात्र व्यापाऱ्यांनी काढली नाही, वेड्यांनी काढली. १९२५ साली लंडनला फिल्म सोसायटी निघाली. १९४७ साली सत्यजित राय आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्त्याला तशीच काढली. मुंबईला १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ आले. इथे पास नाही, वर्गणी! वर्गणी म्हटली की मराठी माणूस सैल होतो. गणपतीपासून वाचनालयापर्यंत त्याचा हात सरावलेला आहे. सोसायट्यांना सेन्सॉरच्या कात्रीतून सूट असे. त्यामुळे काही सभासद जागतिक चित्रपटकलेच्या ओढीने येत आणि काही त्या कात्रीच्या ओढीने. दुसऱ्या जातीचे सभासद पाऊण तास बर्फात चाललेला म्हातारा मोठ्या आशेने बघत बसत. म्हातारा काही कोट काढत नसे. पण त्यातलेही काही पुढे त्या म्हाताऱ्यासाठीच येऊ लागले, हे त्यांच्या श्रेयाचे म्हणून नोंदवले पाहिजे.

व्यापारी उतरले ते फार नंतर. फ्रान्समध्ये २००० साली यूजीसी कंपनीने हवे तितके सिनेमे बघण्याचे कार्ड काढले. अमेरिकेत तर कहर झाला. मूव्हीपास नावाच्या कंपनीने २०१७च्या ऑगस्टमध्ये जाहीर केले की महिन्याला ९ डॉलर ९५ सेंट भरा आणि रोज एक सिनेमा बघा. थिएटरला तिकिटाचे पैसे कंपनी स्वतः भरणार. पासवाला महिन्यातून एकदा जाईल, उरलेले दिवस घरी बसेल, असा तिचा अंदाज. वर्षभरात तीस लाखांवर लोकांनी पास काढले आणि ते घरी बसेनात! २०१९च्या सप्टेंबरात दुकान बंद झाले. पुढे २०२१ मध्ये तिथल्या सरकारी व्यापार आयोगाने आरोप ठेवला की सर्वांत जास्त सिनेमे बघणाऱ्या पंचाहत्तर हजार गिऱ्हाइकांचे पासवर्डच कंपनीने ‘काहीतरी संशयास्पद दिसतंय’ म्हणून रद्द करून टाकले होते. खानावळवाल्याने जास्त जेवणाऱ्याचे ताट लपवावे, तसे.

आता लोट्याचा हिशेब. आमच्या औद्योगिक वसाहतीत रसायने होतात, सिनेमे नाहीत. सिनेमा बघायचा तर एका बाजूला खेड, नाहीतर घाट उतरून चिपळूण. कारखाना तीन पाळ्यांत चाले आणि सिनेमाही आम्हाला तीन पाळ्यांत दिसे. दुसऱ्या पाळीचा माणूस बाराच्या खेळाला जाई, पण तीनला कारखान्यात हजर व्हायचे म्हणून मध्यंतराला उठे. पहिल्या पाळीचा सहाच्या खेळाला जाई आणि शेवटच्या एस.टी.साठी ऐन मारामारीत पायऱ्या उतरे. रात्रपाळीवाला तीनचा खेळ पूर्ण बघे, पण मध्ये दीड तास झोपे. मग कँटीनमध्ये तिघे बसून तीन तिकिटांत मिळून एक सिनेमा तयार करत. आमची वर्गणी योजना ती हीच.

‘शोले’ पुन्हा लागला तेव्हा मात्र योजना कोसळली. रात्रपाळीवाला म्हणाला, शेवटी जय मरतो. पहिल्या पाळीवाल्याने ते साफ नाकारले. तो निघाला तेव्हा जय चांगला बोलत होता, आणि झोपेतून उठलेल्या माणसाच्या साक्षीवर अमिताभला मारायला तो तयार नव्हता. दोघांचे बोलणे बंद झाले. अखेर पहिल्या पाळीवाल्याने आपली साप्ताहिक सुट्टी खर्ची घातली. रात्रीचा खेळ पाहिला, उरलेली रात्र चिपळूणच्या स्टँडवर काढली आणि पहाटे ट्रकने घाट चढून लोट्याला उतरला. सात वाजता कामावर आला. चहाला कुणाशी बोलला नाही, जेवणाला बोलला नाही. तीनला पाळी सुटताना रात्रपाळीवाला तिकिटासाठी सुटे पैसे मागायला फाटकाशी आला होता. त्याच्या हातावर पैसे ठेवत तो इतकेच म्हणाला, “मेला रे.”