पत्र, निबंध, संवाद, तुलना: लिहिण्याचं कारण आणि लिहिण्याची तऱ्हा



निबंध म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? 'मी पंतप्रधान झालो तर', 'माझा आवडता ऋतू'. सुरुवातीला एखादं सुभाषित टाकायचं, मध्ये चार अलंकार पेरायचे, शेवटी तात्पर्य. अक्षर चांगलं असेल तर एखादा मार्क जास्त. निबंध कसा लिहायचा हे शाळेत शिकवतात. तो का लिहायचा, हे मात्र कोणी विचारत नाही.

आजच्या भागात हाच प्रश्न घेऊन आपण एकोणिसाव्या शतकातल्या मराठी लेखकांकडे जाणार आहोत. त्या काळात मराठी गद्य नुकतंच छापखान्यात शिरलं होतं. ठरलेले साचे फारसे नव्हते. म्हणून कोणी काय सांगण्यासाठी लिहायला बसलं आणि त्यासाठी कोणता प्रकार निवडला, हे तिथे अगदी स्वच्छ दिसतं.

सुरुवात लोकहितवादींपासून. खरं नाव गोपाळ हरि देशमुख. १८४८ साली, वयाच्या पंचविशीत, त्यांनी भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' या मुंबईच्या साप्ताहिकात पत्रं लिहायला सुरुवात केली. ती 'शतपत्रे' म्हणून ओळखली जातात, पण आहेत १०८. आता विचार करा, ग्रंथ का नाही लिहिला? पत्रंच का? कारण त्यांना आपल्याच लोकांना झापायचं होतं. अर्थ न कळता पाठांतर करणारे, विधवांच्या लग्नाला विरोध करणारे, जग कुठे चाललंय याचा पत्ता नसलेले पुण्यातले ब्राह्मण हे त्यांचं लक्ष्य. स्वतः लेखकही त्यातलेच. घरच्या माणसाला बोलायचं तर प्रबंध कशाला लिहायचा? पत्र छोटं असतं, दर आठवड्याला येतं आणि एकच मुद्दा धरून बसतं. वाचणाऱ्याला वाटतं, हे मलाच लिहिलंय. चिडायला तेवढं पुरतं.

आता सात वर्षं पुढे येऊ. १८५५. पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली एक मुलगी, मुक्ता साळवे. तिने निबंध लिहिला: 'मांग महारांच्या दुःखाविषयी'. मिशनऱ्यांच्या 'ज्ञानोदय'मध्ये तो फेब्रुवारी आणि मार्चच्या अंकांत दोन भागांत छापून आला.

प्रकार बघा: शाळकरी मुलीचा निबंध. तिच्या हातात दुसरा प्रकार होताच कुठे? ग्रंथ लिहायला शास्त्र्याचा मान लागतो, अर्ज करायला कचेरीत शिरकाव लागतो. तिच्यापर्यंत पोचली होती ती शाळा. म्हणून शाळेने दिलेल्या त्या एवढ्याशा चौकटीत तिने सगळं भरलं. पेशवाईत आपल्या लोकांचे कसे हाल झाले, इमारतींच्या पायात माणसं कशी पुरली गेली, छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांचं काय होतं. आणि त्यातच एक युक्तिवाद, अगदी साध्या शब्दांत: वेद वाचण्याचा अधिकार आम्हाला नाही, तर मग आमचा धर्म कोणता? हे ती थेट देवालाच विचारते.

मला इथे थांबावंसं वाटतं. कारण हा प्रश्न जड भाषेत मांडला असता तर पंडितांनी त्याला जड भाषेत उत्तर दिलं असतं आणि वाद त्यांच्या अंगणात गेला असता. शाळकरी मुलीने भाबडेपणाने विचारावं तसा तो येतो, म्हणून त्याला वळसा घालता येत नाही. शेवटाकडे ती वळते आपल्याच लोकांकडे आणि शिका म्हणून सांगते. म्हणजे एकाच निबंधात साक्ष आहे, फिर्याद आहे आणि आवाहनही आहे.

त्यानंतर १८७४. विष्णुशास्त्री चिपळूणकर 'निबंधमाला' नावाचं मासिक काढतात. सात वर्षांचे ८४ अंक, बहुतेक सगळा मजकूर एकहाती. पहिला विषयच मराठी भाषेच्या स्थितीचा. त्यांचं लिहिण्याचं कारण होतं भाषेचा अभिमान. इंग्रजी शिकलेल्या तरुणांना दाखवायचं होतं की जॉन्सन आणि मेकॉले इंग्रजीत जे करतात ते मराठीतही करता येतं. म्हणून ती लांब, डौलदार, उपहासाने भरलेली वाक्यं. शास्त्रीबुवांच्या बाबतीत शैली हाच पुरावा होता.

पण याच शैलीची दुसरी बाजूही आहे. चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त जोतिराव फुल्यांच्या पुस्तकांची खिल्ली उडवली, त्यात त्यांच्या भाषेवर आणि व्याकरणावर नेम धरला. आजही हेच चालतं ना? मुद्द्याला उत्तर द्यायचं नसलं की शुद्धलेखन काढायचं.

फुल्यांचं कारणच वेगळं होतं. १८७३ची 'गुलामगिरी' बहुतेक सगळी संवादात आहे. धोंडिबा विचारतो, जोतिराव सांगतात. त्यांना ज्यांच्यापर्यंत पोचायचं होतं त्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. एकाने वाचायचं, चारचौघांनी ऐकायचं. ऐकणाऱ्याच्या मनात शंका आली की धोंडिबाने ती विचारलेलीच असते. डौलदार वाक्य तिथे काय कामाचं? आपण हे पॉडकास्ट ऐकणारी माणसं आहोत, आपल्याला हे लगेच कळायला हवं.

आणि शेवटी ताराबाई शिंदे, बुलढाण्याच्या. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला पोटचं मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी झाली, पण बायकांच्या चारित्र्यावर वर्तमानपत्रांतून शेरेबाजी सुरू राहिली. ताराबाईंनी १८८२ साली पुण्यात पुस्तक छापलं: 'स्त्रीपुरुषतुलना'.

नावातच प्रकार आहे. तुलना म्हणजे तराजू. शास्त्रांनी बायकांवर लादलेला एकेक दोष त्या उचलतात, पारड्यात टाकतात आणि पुरुषांना विचारतात: हा तुमच्यात नाही? भाषा घरातली, म्हणी-टोमण्यांची, समोर उभं राहून भांडणाऱ्या बाईची. लोकांना ती उर्मट वाटली. पण विचार करा, सोज्ज्वळ भाषा वापरायची अट बायकांना घालणारं कोण होतं? ज्यांच्याविरुद्ध त्या लिहीत होत्या, तेच. त्यांच्या अटी पाळून त्यांच्याविरुद्ध लिहिता आलं नसतं. ताराबाईंचं हे एकमेव पुस्तक. पुढे ते विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध केलं, तेव्हा कुठे त्याची चर्चा सुरू झाली.

मला यातून जे दिसतं ते असं. या पाचही जणांनी आधी छान लिहायचं ठरवून मग विषय शोधला नाही. कोणाला उत्तर द्यायला भाग पाडायचं, हे आधी पक्कं होतं. त्यावरून ठरलं की पत्र, निबंध, संवाद की भांडण. चिपळूणकरांची वाक्यं सुंदर आहेतच, पण मुक्ताने तशी वाक्यं लिहिली असती तर तिचा प्रश्न त्यांच्या ओझ्याखाली दबला असता.

तुमच्यापैकी बरेच जण लिहिता. लांबलचक पोस्ट, कॉलेजच्या अंकासाठी लेख, कधी नुसताच व्हॉट्सॲपवर पाच मिनिटांचा व्हॉइस मेसेज. आणि मग विचारता, माझी भाषा प्रमाण नाही, चालेल का? त्यावर मी एवढंच विचारेन: हे कोणी ऐकावं असं तुम्हाला वाटतं? त्याचं नाव डोळ्यांसमोर आलं की भाषा कोणती, हे बहुतेक वेळा आपोआप ठरतं.

मुक्ता साळवेचा निबंध छोटा आहे. आज रात्री शोधा आणि मोठ्याने वाचा, शक्य झाल्यास घरात कोणाला तरी ऐकवा. पुढच्या भागात भेटूच.