पवनारच्या टेकाडावरचे दगड

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की आठ-दहा किलोमीटरवर पवनार आणि धाम नदी. नदीकाठच्या टेकाडावर विनोबांचा परमधाम आश्रम आहे. बहुतेक लोक इथे विनोबांसाठी येतात. मी दगडांसाठी गेलो होतो.

१९३८ साली तब्येत ढासळल्यावर विनोबा इथल्या जमनालाल बजाजांच्या बंगल्यात राहायला आले. व्यायाम म्हणून रोज जमीन खणायचे. खणताना मूर्ती निघू लागल्या. त्यांतल्या एका शिळेत त्यांना राम-भरताची भेट दिसली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना (साने गुरुजींनी लिहून घेतलेली तीच 'गीता प्रवचने') कुणी चित्रकाराने या भेटीचं चित्र काढावं, असं ते म्हणाले होते. काही वर्षांनी ते चित्र असं पायाखाली सापडलं! शिळेची स्थापना झाली, भरत-राम मंदिर झालं.

वा. वि. मिराशींनी ही शिल्पं वाकाटक काळातली, म्हणजे साधारण पाचव्या शतकातली ठरवली. दुसऱ्या प्रवरसेनाचे कित्येक ताम्रपट प्रवरपुर या राजधानीतून दिलेले आहेत. मिराशींच्या मते ते पवनार. याच राजाच्या नावावर 'सेतुबंध' हे प्राकृतातलं रामकाव्य आहे, म्हणजे त्याच्या राजधानीत रामाचं देऊळ असणारच! सगळं इतकं छान जुळतं की मला तिथेच शंका येते.

कारण रामटेकजवळ मनसरच्या हिडिंबा टेकडीवर विटांचं प्रचंड देवस्थान उघडं झालं, आणि 'प्रवरेश्वर' नावाचे ठसेही मिळाले. हान्स बाकर या डच अभ्यासकाने प्रवरपुर तिकडे नेलं. पवनारच्या काही शिल्पांत तर काही अभ्यासकांना रामकथा नाही, कृष्णकथा दिसते.

वर्धेकरांना हे आवडणार नाही. पण राजधानीपुरता मला मनसरचा पुरावा भारी वाटतो.

दगड असा नाव बदलतो, हे फक्त आपल्याकडेच घडत नाही. मेक्सिकोत ओआहाकाजवळ माँते आल्बान नावाचा डोंगर आहे. झापोतेक लोकांनी त्याचा माथा सपाट करून तिथे देवळं आणि चौक बांधले. तिथल्या तीनशेहून जास्त शिळांवर वाकडेतिकडे नग्न पुरुष कोरलेले आहेत. आधीच्या पाहुण्यांना ते नर्तक वाटले. आज बहुतेक अभ्यासक त्यांना ठार मारलेले युद्धकैदी मानतात. तरी त्यांना अजून 'नर्तक'च म्हणतात.

फरक एवढाच की ते नर्तक आता कुणाचे देव नाहीत. पवनारची शिळा देवळात आहे. संग्रहालयात असती तर खालची पाटी बदलता आली असती. इथे समोर हात जोडून उभ्या बाईला 'हा भरत नसला तर?' असं विचारायला माझी जीभ रेटली नाही.

मी खाली घाटावर उतरलो. १२ फेब्रुवारी १९४८ ला गांधीजींच्या अस्थी याच पाण्यात सोडल्या होत्या. दरवर्षी त्या दिवशी इथे मेळा भरतो.