बारवी धरण आणि उद्योगधोरण

बारवी धरण हे ठाणे जिल्ह्यात बदलापूरजवळ बारवी नदीवर बांधलेले, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या (एमआयडीसी) मालकीचे धरण आहे. राज्यातील बहुतेक मोठी धरणे जलसंपदा विभागाकडे आहेत. हे धरण मात्र मुख्यतः कारखान्यांच्या पाण्यासाठी उभारले गेले. त्यामुळे सार्वजनिक धोरणातील उद्योजकांचे स्थान येथे स्पष्ट दिसते.

उद्योजकांचा सहभाग

१९६१ च्या अधिनियमानुसार १ ऑगस्ट १९६२ रोजी महामंडळ स्थापन झाले. उद्योग, व्यापार व वित्त क्षेत्रांतील अनुभवी व्यक्तींना महामंडळाचे सदस्य नेमण्याची तरतूद या अधिनियमात आहे. याखेरीज औद्योगिक वसाहतींतील उद्योजक संघटना पाणीदर, पाणीकपात व सांडपाणी या प्रश्नांवर शासनाकडे बाजू मांडतात.

पाणीवाटप

धरणातून सोडलेले पाणी उल्हास नदीतून उचलून जांभूळ येथे शुद्ध केले जाते. अंबरनाथ, बदलापूर व डोंबिवली येथील कारखान्यांबरोबर आता वाढत्या शहरांनाही ते पुरवले जाते. उल्हासनगरची भिस्त मुख्यत्वे याच पाण्यावर आहे. परिणामी टंचाईच्या काळातील कपातीची झळ कारखान्यांबरोबर घरांनाही बसते.

विस्थापन

उंची वाढविल्यानंतर २०१९ मध्ये धरण प्रथमच नव्या क्षमतेने, सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर, भरले. त्यासाठी मुरबाड तालुक्यातील गावे व पाडे विस्थापित झाले. प्रकल्पग्रस्त कुटुंबातील एका व्यक्तीस महामंडळात किंवा लाभार्थी महापालिका-नगरपालिकांत नोकरी देण्याचे धोरण शासनाने स्वीकारले. उद्योजकांना महामंडळात स्थान कायद्यानेच मिळाले होते. प्रकल्पग्रस्तांना मात्र आपले म्हणणे आंदोलनांद्वारे मांडावे लागले.