रक्तात उरलेल्या तापाची मोजदाद

डास किंवा गोचीड चावून होणारे विषाणूजन्य ताप लोकांमध्ये किती पसरले आहेत, हे दवाखान्याच्या नोंदवहीवरून कळत नाही. लागण झालेल्यांपैकी पुष्कळांना काहीच होत नाही आणि काहीजण अंगात कसकस आहे म्हणून दोन दिवस पडून राहतात. लागणीमुळे रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे मात्र वर्षानुवर्षे टिकतात.

ती मोजण्याचे मोठे काम भारतात १९५२ मध्ये पुण्यात सुरू झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी तिथे विषाणू संशोधन केंद्र काढले. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था (एनआयव्ही) ती हीच. चाचणीची रीत निर्दय, पण सरळ होती. माणसाच्या रक्तातला द्रव माहितीतल्या विषाणूत मिसळून उंदरांच्या मेंदूत टोचत. उंदीर तगले, तर त्या माणसाला पूर्वी लागण झालेली; मेले, तर नाही.

या केंद्रातल्या स्मिथबर्न, केर आणि गटणे या संशोधकांचे निष्कर्ष १९५४ मध्ये छापून आले. झिकासाठी तपासलेल्या १९६ नमुन्यांपैकी ३३ मध्ये प्रतिपिंडे निघाली. हा आकडा आजही उद्धृत होतो, पण जपूनच घ्यावा लागतो. झिका, डेंगी, जपानी मेंदूज्वर हे एकाच कुळातले विषाणू. एकाविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्यालाही अडवतात.

याच पाहणीत सौराष्ट्राकडच्या थोड्या नमुन्यांत रशियातल्या गोचीडजन्य मेंदूज्वराशी जुळणाऱ्या खुणा दिसल्या होत्या. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली, आसपासची माणसेही तापाने फणफणली. आधी शंका आली पीतज्वराची. पुण्याहून गेलेल्या टेलफर्ड वर्क यांच्या पथकाला सापडलेला विषाणू नवा होता आणि त्या रशियन गटाशी नाते सांगणारा. माकडताप म्हणून ओळखला जाणारा हाच आजार २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात उद्भवला.

उंदरांची जागा पुढे एलायझा या प्रयोगशाळेतल्या चाचणीने घेतली आणि हजारो नमुने तपासणे शक्य झाले. २०१७-१८ मध्ये १५ राज्यांतल्या ५ ते ४५ वयाच्या सुमारे १२,३०० जणांचे रक्त तपासले गेले. देशपातळीवरच्या अंदाजानुसार या वयोगटातल्या ४८.७ टक्के लोकांना डेंगीची लागण कधी ना कधी होऊन गेली होती. चिकुनगुन्याचे प्रमाण १८.१ टक्के निघाले.