परभणींत पाहण्याजोगें काय आहे?

“जगांत जर्मनी, भारतांत परभणी” ही म्हण मराठवाड्यांत ज्याच्या कानीं पडली नाहीं असा मनुष्य विरळा. तींत अभिमान किती आणि थट्टा किती, याचा निवाडा करणें कठीण आहे. तिचीच जोडीदारीण “बनी तो बनी, नहीं तो परभणी” ही हैदराबादी वळणाची म्हण. जमलें तर जमलें, न जमल्यास परभणी आहेच, असा तिचा भाव. एकीनें डोक्यावर घ्यावें व दुसरीनें दारांत उभें करावें, अशी ही स्थिति. आणि बाहेरचा प्रवासी तर परभणीच्या स्थानकावर उतरतो तो बहुधा दुसरी गाडी पकडण्यासाठींच: परळीच्या वैजनाथास जावयाचें असतें, औंढ्याच्या नागनाथास जावयाचें असतें, नांदेडच्या गुरुद्वाऱ्याचें दर्शन घ्यावयाचें असतें. “येथें पाहण्यासारखें काय आहे हो?” असा प्रश्न त्यानें केला, तर परभणीकर सद्गृहस्थ क्षणभर विचारांत पडतात, हें आम्हीं अनेकदां पाहिलें आहे.

विचारांत पडण्यास एक अलीकडचें कारणही आहे. १ मे १९९९ रोजीं या जिल्ह्याचे दोन भाग होऊन हिंगोली हा निराळा जिल्हा झाला, आणि औंढा नागनाथ त्याच्या वांट्यास गेलें. ज्या एका नांवावर जिल्ह्याची ओळख सांगावी तें ज्योतिर्लिंगच वांटणींत गेलें! उरलें तें काळ्या जमिनीचें सपाट मैदान. उत्तरेस जिंतुराकडे अजिंठ्याच्या रांगेचे उतरते फांटे, दक्षिणेस गंगाखेडाकडे बालाघाटाचे डोंगर, आणि मधून गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्या. थंड हवेचें ठिकाण नाहीं, समुद्र नाहीं, प्रसिद्ध किल्ला नाहीं. तथापि आमचें म्हणणें असें कीं, या प्रदेशांत पाहण्याजोगें पुष्कळ असून तें पाहण्यास डोळ्यांइतकेंच इतिहासाचें साह्य लागतें, आणि तें साह्य कोणी देत नाहीं म्हणूनच प्रश्न निरुत्तर राहतो.

पाथरीचेंच उदाहरण घ्यावें. निजामशाहीच्या पदरीं वाढलेला व पुढें विजापुरास गेलेला इतिहासकार फिरिश्ता सांगतो कीं, अहमदनगरच्या निजामशहांचें मूळ पाथरीच्या एका ब्राह्मण कुलकर्णी घराण्यांत आहे. हें घराणें विजयनगरच्या मुलखांत गेलेलें असतां, भैरू नांवाच्या गृहस्थाचा तिमाप्पा नामक मुलगा बहामनी फौजेच्या हातीं लागला. त्याला मुसलमान करून मलिक हसन हें नांव देण्यांत आलें, आणि राजपुत्राच्या सोबतीस ठेवण्यांत आलें. राजपुत्रास ‘भैरू’ हा शब्द उच्चारतां येईना, म्हणून त्याचें ‘बहरी’ झालें. हाच मलिक हसन पुढें निजाम-उल-मुल्क म्हणून बहामनी राज्याचा कर्ताधर्ता झाला. त्याचा मुलगा मलिक अहमद यानें १४९० सालीं स्वातंत्र्य पुकारलें व अहमदनगर शहर वसविलें. २०२४ सालापासून तें अहिल्यानगर या नांवानें ओळखलें जातें.

येथवरची कथा ही राजघराण्यांच्या उगमाभोंवतीं नेहमीं विणल्या जाणाऱ्या कथांपैकीं एक आहे, असें म्हणून कोणी सोडून देऊं शकेल. परंतु पुढील प्रकरण तसें सोडून देतां येत नाहीं. मलिक अहमदाचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा गादीवर असतां पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहींत मोडत होती. पाथरी हें आमच्या पूर्वजांचें गांव आहे, तें आम्हांस द्यावें व त्याच्या मोबदल्यांत दुसरा परगणा घ्यावा, असें बुऱ्हाणानें इमादशहाकडे मागणें केलें. इमादशहानें नकार दिला, इतकेंच नव्हे तर तेथें कोट बांधण्यास आरंभ केला. तेव्हां १५१८ सालीं अहमदनगरच्या फौजेनें काय युक्ति केली म्हणाल? वेरूळचीं लेणीं पाहावयास जातों असें निमित्त करून ती दौलताबादेकडे निघाली, आणि तेथून एकाएकीं वळून तिनें पाथरी गांठली व तटावर शिड्या लावून कोट घेतला. प्रेक्षणीय स्थळांच्या यात्रेचा असा उपयोग इतिहासांत फारसा झाला नसावा! १५२७ च्या सुमारास इमादशहानें गोवळकोंड्याच्या मदतीनें गांव परत घेतलें. बुऱ्हाणानें वेढा घालून तें पुन्हां जिंकलें, आणि या वेळीं कोट पाडून जमीनदोस्त केला. गांव त्यानें आपल्या ब्राह्मण आप्तांना इनाम दिलें व तें अकबराच्या काळापर्यंत त्यांच्याकडे चाललें, असें फिरिश्ता नमूद करतो. मुसलमानी राज्याचा सुलतान आजोबांच्या गांवासाठीं दोनदां तरवार उपसतो, आणि जिंकलेलें गांव वेगळ्या धर्माच्या भाऊबंदांस देऊन टाकतो! धर्म बदलला तरी गांवाची ओढ तिसऱ्या पिढींतही सुटली नाहीं. दक्षिणेच्या इतिहासांत याहून मनुष्यस्वभावाचें बोलकें प्रकरण आम्हांस तरी चटकन आठवत नाहीं.

आज पाथरीस जाणारा यात्रेकरू मात्र निराळ्याच कारणानें जातो. शिर्डीच्या साईबाबांचा जन्म येथें झाला अशी श्रद्धा असून, १९९९ सालीं तेथें जन्मस्थान मंदिर उभें राहिलें. जानेवारी २०२० मध्यें मुख्यमंत्र्यांनीं पाथरीच्या विकासासाठीं शंभर कोटी रुपयांची घोषणा करतांच शिर्डीकरांनीं आक्षेप घेतला व १९ जानेवारीस गांव बंद ठेवलें. बाबांनीं स्वतः आपल्या जन्मस्थळाविषयीं स्पष्ट असें कांहीं सांगितलें नाहीं, तेव्हां हा वाद कागदपत्रांनीं मिटण्याजोगा नाहीं, आणि भाविकांच्या श्रद्धेंत हात घालण्याचें आमचें प्रयोजनही नाहीं. आम्हांस खंत वाटते ती इतकीच कीं, ज्या गांवाच्या नांवाला इतिहासांत एवढें स्थान आहे, त्याची किंमत ठरविण्यासाठीं वाद व्हावा लागला. दर्शन घेऊन परतणाऱ्यांपैकीं किती जणांस बुऱ्हाणाच्या पाडलेल्या कोटाची आठवण होत असेल?

पाथरीपासून वालुरास यावें. हें सेलू तालुक्यांतील गांव, आणि येथील बारव ही आमच्या मतें जिल्ह्यांतील सर्वांत पाहण्याजोगी वस्तु. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. आडांत पाणी पोहऱ्यानें वर येतें. बारवेंत मनुष्य पाण्याकडे उतरतो. पावसाळ्यांत पाणी वर असतां चार पायऱ्यांवर घागर भरते, चैत्र-वैशाखांत पंचवीस-तीस पायऱ्या उतराव्या लागतात; पातळी कितीही खालीं गेली तरी वाट तुटत नाहीं. शिवाय खोल गेलेल्या दगडी बांधकामांत उन्हाळ्याच्या दुपारीं गारवा असतो. मराठवाड्याचें ऊन ज्यानें सोसलें आहे त्याला त्याचें मोल सांगावयास नको. बहुतेक बारवा चौकोनी असून त्यांच्या पायऱ्या सरळ उतरतात. वालूरची मात्र गोल, आणि तिच्या पायऱ्या वळसे घेत पाण्याकडे जातात. वरून पाहिल्यास शंखाच्या आंतल्या बाजूचा भास होतो. ज्या कारागिरानें हें योजिलें त्याचें नांव कोठेंही कोरलेलें नाहीं. परभणीजवळच्या पिंगळीस व जिंतूर तालुक्यांतील चारठाण्यासही अशाच जुन्या बारवा आहेत.

या बारवा उकिरडे कां झाल्या, याला ‘लोकांची अनास्था’ असें उत्तर देणें सोपें आहे, पण तें पुरतें खरें नाहीं. नळ आले, हातपंप आले, हें एक कारण. दुसरें कारण आज पुष्कळांच्या स्मरणांतून गेलें आहे. तें म्हणजे नारू. नारू झालेला मनुष्य पाय भिजवीत पाण्यांत उतरे, त्याच्या फोडांतून किड्याचीं पिल्लें पाण्यांत पडत, तीं पाण्यांतील सूक्ष्म जीव गिळीत, आणि तें पाणी पिणाऱ्यास वर्षभरानें तोच रोग जडे. पायऱ्यांची विहीर हें या रोगाचें माहेरघरच होतें. म्हणून नारूनिर्मूलनाच्या मोहिमेंत अशा विहिरींच्या पायऱ्या बंद करणें, त्यांचे आड बनविणें, हें काम सरकारनेंच केलें. १९९६ नंतर भारतांत नारूचा रोगी आढळला नाहीं, व २००० सालीं देश नारूमुक्त ठरला. म्हणजे ज्या पायऱ्यांची आज आपण तारीफ करतों, त्यांच्याकडे गांवानें पाठ फिरविली ती कांहीं अंशीं शहाणपणानें! हें लक्षांत घेतलें म्हणजे आजोबा-पणजोबांना दूषण देण्याची घाई आपण करणार नाहीं.

रोग गेला, आणि आतां बारवा पुन्हां मोकळ्या होत आहेत. गेल्या कांहीं वर्षांत गांवोगांवच्या तरुणांनीं फावडीं-घमेलीं घेऊन गाळ उपसला, झुडपें तोडलीं, आणि महाशिवरात्रीस पायऱ्यांवर पणत्या लावण्याचा प्रघात पडला. २०२२ सालीं टपाल खात्यानें महाराष्ट्रांतील बारवांचीं चित्रें असलेलीं पोस्टकार्डें काढलीं, त्यांत वालूरचें चित्र आहे. पत्रें लिहिण्याची चाल संपत आली असतां पोस्टकार्डावर मान मिळावा, हाही एक योगच.

चारठाण्यास बारवेखेरीज जुनीं देवळें आहेत, आणि एक उंच कोरीव स्तंभ आहे. त्यास कोणी दीपमाळ म्हणतात, कोणी मानस्तंभ. गांवकरी या सर्वांस ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळे होतात. हेमाद्रि हा तेराव्या शतकांतील यादवांचा मंत्री. ही बांधणी त्याच्या आधीं दीड-दोनशें वर्षांपासून चालत आलेली आहे, परंतु लोकांनीं सगळें श्रेय त्याच्या पदरांत टाकलें आहे. गोदातीरीं गंगाखेड तालुक्यांत धारासूर येथें गुप्तेश्वराचें देऊळ आहे. त्याच्या भिंतींवरील मूर्ति पाहण्यास सकाळचें तिरपें ऊन गांठावें. दुपारीं सावल्या मरतात व दगड मुका होतो. जिंतुरानजीक नेमगिरीच्या टेकडींत जैनांचीं भुयारें असून आंत शिरतांना मान तुकवावी लागते. तेथील पार्श्वनाथाची मोठी मूर्ति लहानशा दगडावर तोललेली आहे, म्हणून भाविक तिला अंतरिक्ष म्हणतात. पावसाळा सरतां सरतां ही टेकडी चढावी. खालचा हिरवा मुलूख पाहून परभणीला रूक्ष म्हणणारांचीं तोंडें बंद होतात. पूर्णेवरील येलदरीचें धरण १९६८ चें. हिवाळ्यांत त्याच्या जलाशयावर पक्षी पाहावेत.

खुद्द परभणी शहरांत तुराबुल हक यांचा दर्गा आहे. फेब्रुवारीच्या आरंभीं तेथें ऊरूस भरतो आणि हिंदु-मुसलमान दोघेही जातात. शहराला लागून कृषि विद्यापीठाचें विस्तीर्ण क्षेत्र पसरलें आहे. १९१८ सालीं हैदराबाद संस्थानानें येथें प्रयोगक्षेत्र सुरू केलें, त्याचें १९७२ त विद्यापीठ झालें. देशांतील अनेक स्वयंपाकघरांत शिजलेली ‘परभणी क्रांति’ भेंडी ही येथलीच. पण भेंडीचें मूळगांव पाहावयास कोणी येत नाहीं.

राहिलें गंगाखेड. हें संत जनाबाईचें जन्मगांव. लहानपणीं ती पंढरपुरास नामदेवांच्या घरीं दासी म्हणून राहिली आणि दळतां-कांडतां तिनें जें म्हटलें तें साऱ्या महाराष्ट्राच्या जात्यावर आलें. येथें पाहावयाचें तें नुसतें मंदिर नव्हे. ज्येष्ठांत शेगांवहून गजानन महाराजांची पालखी पंढरपुरास निघते, ती परभणीवरून गंगाखेडास येते व पुढें परळीची वाट धरते. आठशें वर्षांपूर्वींच्या देवळांपुढें मोटार थांबवून पांच मिनिटांत परत फिरणाऱ्या प्रवाशानें एखाद्या वर्षीं या दिंडीबरोबर परभणीहून गंगाखेडापर्यंत चालून पाहावें. पेरणीसाठीं तयार असलेली काळी रानें दोन्ही बाजूंस असतात, आभाळ भरून आलेलें असतें, आणि वाटेंतील घरचे लोक दारांत पाण्याचे हंडे भरून उभे असतात.