गोल न होऊ देणारा माणूस



गेल्या गणेशोत्सवात आपल्या मंडळाने मुलांचा फुटबॉल सामना ठेवला होता. संघ पाडण्याचे काम माझ्याकडे आले. जो तो म्हणे, "काका, मी फॉरवर्ड!" मागे बचावाला उभे राहायला कोणी तयार होईना. शेवटी स्वभावाने सर्वांत गरीब असा एक मुलगा निमूटपणे मागे जाऊन उभा राहिला आणि त्याने सामना छान सांभाळला. बक्षीस मात्र दोन गोल करणाऱ्याला मिळाले. नंतर चहा पिताना त्या मुलाचे वडील, जे माझे सहकारीच आहेत, मला म्हणाले, "साहेब, याला फुटबॉलचं फार वेड आहे. पण यात पुढे काही आहे का हो? आणि तेही असं मागे उभं राहून?"

तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. ते आज या स्मरणिकेतून देण्याचा प्रयत्न करतो.

आपल्या देशात फुटबॉलपटू म्हणजे आधी नोकरदार आणि मग खेळाडू, असाच अनेक वर्षे प्रघात होता. १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताने इराणला १-० असे हरवून सुवर्णपदक जिंकले. त्या संघाचे कर्णधार शैलेन मन्ना हे बचावपटू होते. मोहन बागानचे हे दैवत पोटापाण्यासाठी जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात नोकरी करीत असे. १९६२ साली जकार्तामध्ये आपण पुन्हा सुवर्ण जिंकले, तेव्हा अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध पहिला गोल पी. के. बॅनर्जी यांनी केला. हे आपल्या रेल्वेचेच, ईस्टर्न रेल्वेचे. दुसरा गोल केला जर्नेलसिंग यांनी. मूळचे बचावपटू, पण डोक्याला टाके पडल्यामुळे त्यांना त्या दिवशी पुढे खेळवले होते. रेल्वेने त्या काळात संतोष करंडक तीनदा जिंकला. ईस्टर्न रेल्वेने तर १९५८ साली कोलकात्याच्या बलाढ्य क्लबांना मागे टाकून तिथली लीग जिंकली. खेळाडूला नोकरी, क्वार्टर, पास आणि शेवटी पेन्शन. खेळ थांबला तरी चूल पेटती राहण्याची हमी होती.

१९९६ साली राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि चित्र पालटू लागले. क्लब खेळाडूंशी करार करू लागले. पैसा वाढला, पण हमी गेली. या नव्या काळात जो बचावपटू पुढे आला, त्याचे नाव महेश गवळी. आडनाव वाचूनच तो आपल्याला जवळचा वाटतो. जन्म २३ जानेवारी १९८० चा, गोव्याचा. जमशेदपूरला टाटांनी १९८७ साली काढलेल्या फुटबॉल अकादमीत त्याची घडण झाली. विशीच्या आत तो भारतीय संघात आला आणि २०११ पर्यंत देशासाठी खेळला. बारा वर्षे! फुटबॉलमध्ये हा काळ फार मोठा.

त्याचे क्लब पाहा. गोव्याचा चर्चिल ब्रदर्स, मग कोलकात्याचा ईस्ट बंगाल. जुलै २००३ मध्ये ईस्ट बंगालने जकार्तात आसियान क्लब स्पर्धा जिंकली. अंतिम सामन्यात थायलंडच्या बीईसी टेरो सासानाला ३-१ असे हरवले. त्या संघाच्या बचावफळीत गवळी होता. गोल कोणी केले ते लोकांच्या लक्षात राहिले. गोल कोणी अडवले ते फारसे कोणाला आठवत नाही. पुढे मुंबईचा महिंद्रा युनायटेड. या संघाने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली. त्यानंतर गोव्याचा डेम्पो. प्रशिक्षक आर्मांदो कोलासो यांच्या या संघाने २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ अशी तीनदा आय-लीग पटकावली. तिथे समीर नाईकसारखा गोव्याचाच साथीदार बचावफळीत होता.

आता दुसरी बाजू. डुरंड करंडक जिंकलेला केरळचा एफसी कोचिन पैशाअभावी काही वर्षांतच मिटला. ज्या महिंद्राकडून गवळी विजेता झाला, तो क्लब २०१० साली बंद झाला. पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा फगवाड्याचा जेसीटी २०११ साली गेला. डेम्पोनेही २०१६ साली आय-लीगमधून अंग काढून घेतले. तो परत आला २०२४-२५ च्या हंगामात. म्हणजे खेळाडू तंदुरुस्त, पण क्लबच आजारी! आपल्याकडे डिव्हिजन बदलली, झोन बदलला, २००३ साली जबलपूरला पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय झाले, तरी आपला पगार काही थांबला नाही. कराराच्या खेळाडूला ही चैन नाही.

मग अशा माणसाजवळ शेवटी उरते काय? याचे उत्तर मला २०२३ सालच्या सॅफ स्पर्धेत सापडले. गवळी तोवर भारतीय संघाचा सहायक प्रशिक्षक झाला होता. बंगळुरूच्या त्या स्पर्धेत मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांना दोनदा लाल कार्ड मिळाले. कुवेतविरुद्धच्या गटसामन्यात आपण शेवटपर्यंत १-० असे पुढे होतो आणि जादा वेळेत आपल्याच बचावपटूच्या पायाला लागून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला. बचावपटूचे दुखणे ते हेच. नव्वद मिनिटांचे काम कोणी मोजत नाही, एक चूक मात्र सर्वांना दिसते.

पुढचे दोन्ही सामने स्टिमाच मैदानाबाहेर आणि सूत्रे गवळीच्या हाती. उपांत्य फेरीत लेबनॉनला गोल करू दिला नाही आणि पेनल्टीवर ४-२ असे हरवले. ४ जुलैला अंतिम फेरीत पुन्हा कुवेतच समोर. आधी गोल खाल्ला, मग छांगटेने बरोबरी केली, आणि पेनल्टीवर ५-४ असा करंडक आपला झाला. स्वयंगोल झालेला तो अन्वर अलीही या सामन्यात बचावाला उभा होता. त्याला बाजूला बसवले नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

आपण रेल्वेवाल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. रात्री रूळ तपासून गँगमन घरी जातो. सकाळी गाडी सुखरूप पोहोचते, पण त्याची बातमी कुठेच येत नाही. तरी ते काम करावेच लागते.

तेव्हा सहकारी मित्रा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे : यात पुढे काही आहे, पण हमी नाही. मुलाचे शिक्षण सोडवू नकोस. रेल्वेचा स्पोर्ट्स कोटा आजही आहे, तीही वाट लक्षात ठेव. पण तो मागे उभा राहतो म्हणून त्याला कमी लेखू नकोस. क्लब मिटतात, करार संपतात. शिकलेली विद्या मात्र दुसऱ्याला देता येते.

आणि यंदाच्या सामन्यात एक बक्षीस उत्तम बचावपटूलाही द्यावे, अशी मंडळाच्या कार्यकारिणीला माझी नम्र विनंती आहे. त्याचा खर्च मी आनंदाने करीन.

गणपती बाप्पा मोरया!