कृती उरली असेल तर : लिंडली मरे याचा एक काळनियम

इंग्रजीतील पूर्ण वर्तमानकाळ आणि साधा भूतकाळ यांतून निवड कशी करावी, हा प्रश्न सामान्यतः शालेय व्याकरणाच्या कक्षेतला मानला जातो. 'काल', 'गेल्या वर्षी' असा निश्चित कालनिर्देश असेल तर साधा भूतकाळ आणि गतक्रियेचा वर्तमानाशी संबंध असेल तर पूर्ण वर्तमानकाळ, एवढ्यावर विद्यार्थ्याची बोळवण होते. परंतु 'वर्तमानाशी संबंध' म्हणजे नेमके काय, आणि तो संबंध कोणाचा, हे विचारू लागताच व्याकरणाचा प्रश्न साहित्येतिहासाचा प्रश्न होऊन बसतो. हे पहिल्यांदा ज्याच्या हातून घडले त्याला त्याची जाणीव होती असे दिसत नाही.

हा भेद इंग्रजीत पुरातन काळापासून स्थिर होता असेही नाही. इसवी सन १००० च्या सुमारास एल्फ्रिक याने लॅटिनचे व्याकरण प्राचीन इंग्रजीत सांगितले. लॅटिन पूर्णभूताचा अर्थ देताना तो 'हॅव'कडे वळत नाही. साध्या भूतकाळालाच 'पूर्णपणे' अशा अर्थाचे क्रियाविशेषण जोडतो. 'हॅव' व भूतकालवाचक धातुसाधित यांची जोडी त्या भाषेत होती, पण मुळात ती मालकी व अवस्था सांगणारी : लिहून झालेले पत्र जवळ आहे, अशा धर्तीची. पुढे ती क्रियेचा काळ सांगू लागली, तरी दोन्ही रूपांच्या सीमा कित्येक शतके सैल राहिल्या. गतिवाचक अकर्मक क्रियापदांना तर एकोणिसाव्या शतकापर्यंत 'हॅव'ऐवजी 'असणे' या अर्थाचे सहायक क्रियापद चालत असे. मराठीच्या 'आला आहे'ला ते रूप बरेच जवळचे होते.

सीमा आखून देण्याचे काम अठराव्या शतकातील व्याकरणकारांनी अंगावर घेतले. जेम्स हॅरिस याने 'हर्मीस' (१७५१) या ग्रंथात ग्रीक काळव्यवस्थेच्या आधाराने 'लिहिले' आणि 'लिहिले आहे' यांना वेगवेगळ्या कप्प्यांत बसवले; दुसरे रूप त्याने वर्तमानाच्याच कुटुंबात घातले, ही त्याची सूक्ष्म दृष्टी. लिंडली मरे (१७४५–१८२६) हा त्यामानाने तत्त्वज्ञ नव्हे. पेनसिल्व्हेनियात जन्मलेला, वकिली व व्यापार करून इंग्लंडात यॉर्कजवळ स्थायिक झालेला हा क्वेकर गृहस्थ. यॉर्कमधील मुलींच्या शाळेच्या गरजेतून १७९५ साली त्याने इंग्रजीचे व्याकरण सिद्ध केले. ते प्रामुख्याने संकलन होते, आणि त्याने ते लपवले नाही. या शालोपयोगी पुस्तकातच पूर्ण वर्तमानकाळाविषयीचा एक विलक्षण नियम येतो.

नियमाचा आशय असा : क्रिया कितीही शतकांपूर्वी घडलेली असो, कर्ता किंवा त्याची कृती यांपैकी काही आज अस्तित्वात असेल तर पूर्ण वर्तमानकाळ योजता येतो, दोन्ही नष्ट झाली असतील तर येत नाही. म्हणून सिसेरोने भाषणे 'लिहिली आहेत', कारण ती उपलब्ध आहेत. कविता मात्र त्याने केवळ 'लिहिल्या', कारण त्या लुप्त झाल्या. पुरोहितवर्गाने सर्व काळी मोठे अधिकार सांगितले आहेत असे म्हणता येते, परंतु ड्रुइड पुरोहितांविषयी तसे म्हणता येत नाही, कारण तो पंथच उरला नाही.

यातील उदाहरण वस्तुस्थितीला धरून नाही, ही गंमत बाजूला ठेवू नये. सिसेरोच्या कविता सर्वस्वी लुप्त नाहीत. आरातसच्या खगोलकाव्याचा त्याने केलेला अनुवाद बऱ्याच मोठ्या प्रमाणात शिल्लक आहे. त्याहून बोलके उदाहरण त्याच्या राज्यविषयक संवादग्रंथाचे. शेवटचा स्वप्नप्रसंग व इतरांनी उद्धृत केलेले तुकडे वगळता तो हरवलेला होता. १८१९ साली आंजेलो माई याला व्हॅटिकनमधील एका खरडून पुन्हा लिहिलेल्या हस्तलिखितात त्याचा मोठा भाग सापडला आणि १८२२ साली तो छापला गेला. मरे तेव्हा हयात होता. त्याचा नियम काटेकोरपणे पाळायचा, तर एका ग्रंथपालाच्या शोधामुळे इंग्रजीतील एका वाक्याचे क्रियारूप बदलायला हवे होते! व्याकरणशुद्धी येथे ग्रंथालयाच्या सूचीवर अवलंबून राहते.

तरीही नियम हास्यास्पद ठरत नाही. १९७० नंतर चॉम्स्की आणि मॅकॉली यांच्या चर्चेत हाच प्रश्न आइन्स्टाइन आणि प्रिन्स्टन यांच्या रूपाने परत आला. आइन्स्टाइनने प्रिन्स्टनला भेट 'दिली आहे' हे वाक्य, तो १९५५ साली निवर्तल्यानंतर, इंग्रजी कानाला खटकते. मॅकॉलीने दाखवले की प्रिन्स्टनला भेट दिलेल्या नोबेलविजेत्यांविषयी बोलणे चालले असेल तर मात्र ते खटकत नाही. म्हणजे जिवंत असावा लागतो तो व्यक्तीपेक्षा चर्चेचा विषय. मरेच्या पुरोहितांचे उदाहरण नेमके हेच सांगत होते. सिसेरोच्या उदाहरणाने त्याने स्वतःच्याच सूत्राला अकारण भौतिक करून टाकले.

मराठीत हा भेद याच जागी पडत नाही. 'चहा घेतला का?' या प्रश्नाला इंग्रजीत बहुधा पूर्ण वर्तमानकाळ लागेल. उलट 'तो कालच आला आहे' हे निर्दोष मराठी वाक्य इंग्रजीत शब्दशः नेता येत नाही. 'आलोच' म्हणणारा तर अजून निघालेलाही नसतो. दादोबा पांडुरंगांच्या १८३६ सालच्या व्याकरणापासून इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर मराठीची मांडणी होत आली, त्यामुळे काळांच्या चौकटी सारख्या दिसतात; वापर सारखा नाही.

मात्र एका ठिकाणी मराठी लेखन मरेच्या जवळ येते, आणि ते ठिकाण म्हणजे समीक्षा. 'ज्ञानेश्वरांनी म्हटले आहे' आणि 'ज्ञानेश्वरांनी म्हटले' यांत अवतरण देणारा समीक्षक सहसा पहिले रूप निवडतो. दुसऱ्यात प्रसंग सांगितला जातो, पहिल्यात आधार घेतला जातो. महानुभाव वाङ्मयाच्या बाबतीत ही निवड अवघड होते. 'लीळाचरित्र' शतकानुशतके सांकेतिक लिप्यांत पंथाच्या आत वाचले जात होते. पंथाबाहेरच्या अभ्यासकांना ते खुले झाले विसाव्या शतकात. कृती नष्ट नव्हती, कर्त्याचा पंथ नष्ट नव्हता, तरी मराठी गद्याविषयी बोलणाऱ्या बाहेरच्या कोणालाही म्हाइंभटाने अमुक 'लिहिले आहे' असे आधारपूर्वक म्हणता येत नव्हते. पंथातील वाचक ते म्हणू शकत होता. एकाच ग्रंथाविषयी एकाच भाषेत, एकाच काळी, 'आहे' म्हणण्याचा अधिकार काहींना होता आणि काहींना नव्हता. यॉर्कच्या मुलींसाठी लिहिलेल्या नियमात 'कोणासाठी उपलब्ध' या प्रश्नाला जागा नव्हती.